शांतीलालकाकांची अडचण

हेमकांत ड्रायव्हरला उभ्या जन्मात कुणी 'इथं यायचं नाही' म्हटलं नव्हतं. शहादा डेपोची लाल गाडी घेऊन तो सव्वीस वर्षं दोंडाईचाच्या रस्त्यावर पळाला. मोर्चा असो की यात्रा, पोलीससुद्धा त्याची गाडी बघून दोरी खाली करायचे. आणि त्याच माणसाला कळसाडीतल्या त्याच्याच घरात, त्याच्याच पैशानं घेतलेला कॉम्प्युटर भर दुपारी तोंडावर सांगत होता: 'आठे लिखानी रजा नही शे. जेनं फोल्डर शे तेले इचारा.'

ही आमची अहिराणी. ज्यांना कळत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: इथं लिहायची परवानगी नाही, ज्याचं फोल्डर आहे त्याला विचारा. आता कॉम्प्युटर कधीपासून अहिराणी बोलायला लागले, असं तुम्ही विचाराल. कॉम्प्युटर नाही हो बोलत. त्यावर नकाशा बसवायचं एक छोटं साधन चालू होतं, आणि ते हेमकांतच्या मुलीनं, रुचिकानं बनवलेलं होतं. ती तीन वर्षांत बापाशी एक अक्षर बोलली नव्हती. बोलणार कशी? बापानं तिच्या नावानं आंघोळ केली होती.

नीट पहिल्यापासून सांगतो. साखरेच्या आजारानं हेमकांतच्या उजव्या पायाचा पंजा खाल्ला तेव्हा नोकरीची चार वर्षं बाकी होती. ब्रेक उजव्या पायाखाली, अ‍ॅक्सिलेटर उजव्या पायाखाली. पंजाच नाही म्हटल्यावर संपलं. डेपोनं बसून करायचं काम देऊ केलं, ते यानं नाकारलं आणि घरी बसला. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे घराला ताप. बायको आशा पोळ्या लाटायची तर हा म्हणायचा, डावीकडून घे. रुचिका तेव्हा नंदुरबारला कॉम्प्युटरचं शिकत होती. तिनं बस चालवायचा एक खेळ आणला. त्यात परदेशातले गुळगुळीत रस्ते. हेमकांतनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, असल्या रस्त्यावर तर आपला बैलही बस चालवेल.

पोरीनं ते मनावर घेतलं. हा खेळ खेळणारे लोक स्वतःच्या गावचे रस्ते बनवून त्यात घालतात, त्याला ते नकाशा म्हणतात. तिनं सहा महिने डोळे फोडून शहादा ते दोंडाईचा असा अख्खा रस्ता बनवला. सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, केळीचे ट्रक, ऊस भरलेल्या बैलगाड्या, भर रस्त्यात बसलेल्या म्हशी, सगळं. थांब्यांना नावं मात्र बापाच्या तोंडातली दिली. जिथं कंडक्टर दोधू उतरून पान लावून घ्यायचा आणि अख्खी गाडी त्याची वाट बघत बसायची, त्या थांब्याचं नाव 'दोधूचं पान'. महामंडळाच्या कुठल्याच कागदावर हे नाव नाही.

त्या खेळात पाय लागत नव्हता, सगळं हातानं. हेमकांत खुर्चीवर, रुचिका शेजारी स्टुलावर कंडक्टर होऊन बसलेली. ती तोंडानं दोनदा टण् टण् करायची तेव्हा हा गाडी हलवायचा, त्याआधी नाही. नियम म्हणजे नियम. आल्यागेल्यांची पोरं खेळात हात घालून वाट लावायची, म्हणून तिनं ते फोल्डर कुलूपबंद करून टाकलं: खेळावं कुणीही, पण आतलं बदलायचं तर फक्त रुचिकाच्या खात्यातून. बापलेकीच्या सगळ्या फेऱ्यांची नोंद त्याच फोल्डरमध्ये होती.

मग तिनं नवनीतचं नाव काढलं. मुलगा चांगला, सुरतेला कारखान्यात सुपरवायझर, पण दुसऱ्या समाजाचा. ती पळून गेली नाही, हे लक्षात ठेवा. तीन वेळा समोर उभी राहून तिनं विचारलं, आबा, रजा द्या. हेमकांत तिन्ही वेळा नाही म्हणाला, आणि तिसऱ्या वेळी आणखी जे म्हणाला ते मी इथं लिहीत नाही. तिनं नंदुरबारला कचेरीत सही करून लग्न केलं आणि घरी फोन केला. यानं फोन ठेवला, अंगणात पाट मांडला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बादलीभर पाणी डोक्यावर ओतलं. माणूस गेल्यावर करतात तशी आंघोळ, जित्याजागत्या पोरीच्या नावानं. आशालाही म्हणाला, बस पाटावर. ती म्हणाली, माझी आंघोळ सकाळी झाली आहे, आणि भाकरी टाकायला आत निघून गेली.

त्याच दिवशी त्यानं कॉम्प्युटर उघडला, तर पहिलं तिचंच नाव, फोटोसकट. यानं शोधून शोधून ते खातं पुसून टाकलं. यंत्रानं बिचाऱ्यानं विचारलं होतं, नक्की का? हा म्हणाला, नक्की. एरवी याला मोबाइलचा आवाज कमी करता येत नव्हता, पण गाढवपणा करायचा म्हटला की माणूस कसा चटकन शिकतो बघा.

तीन वर्षं कॉम्प्युटरवर धूळ बसली. यंदा दिवाळी झाल्यावर दोधूनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. दोधूही आता निवृत्त. तो खूश होऊन सांगत होता की कुणीतरी आपला रस्ता खेळात घातलाय आणि त्यात चक्क माझं नाव आहे, मी अमर झालो. हेमकांतनं व्हिडिओ लावला. नवा नकाशा होता, पहिल्यापेक्षा किती तरी नीट. पुलाचे कठडे, रस्त्याकडेला वाळत घातलेली मिरची. खाली नकाशाचं नाव लिहिलं होतं: 'आबांचा रस्ता'.

त्यानं तो व्हिडिओ सात वेळा बघितला. ज्या पोरीच्या नावानं आपण पाणी ओतलं, तिनं रस्त्याला आपलं नाव ठेवलं, हे त्याला गिळता येईना. त्याला तो रस्ता हवा होता. खरं सांगायचं तर रस्ता निमित्ताला होता, त्याला पोरगी हवी होती. पण आधी 'चुकलो' म्हणायचं, ते काही जिभेवर येत नव्हतं. खानदेशी माणूस दाढ उपटून देईल, पण माफी मागणार नाही.

तर त्यानं नकाशा उतरवून घेतला, बसवायचं साधन चालू केलं, आणि साधन म्हणालं, रजा नही शे.

मग हेमकांतची झटापट सुरू झाली. उजवं बटण दाबून 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' केलं. नाही. फोल्डरच्या गुणधर्मात जाऊन 'फक्त वाचण्यासाठी' ही खूण काढली. खिडकी बंद करून उघडली तर खूण परत जागेवर. अँटिव्हायरस बंद केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दोनदा. जुनी गाडी धक्का मारून सुरू होते या हिशोबानं कॉम्प्युटरच्या डब्यावर थापही मारली. नाही म्हणजे नाही. शेवटी त्यानं डोकं चालवलं. हे फोल्डर रुचिकाचं, रुचिकालाच ओळखतं, बरोबर? मग रुचिकाचं खातं परत बनवू. त्यानं नवं खातं काढलं, नाव टाकलं 'रुचिका', एक एक अक्षर शोधून. स्क्रीनवर तिचं नाव पुन्हा दिसलं तेव्हा त्याला एवढं बरं वाटलं की तो आशाला हाक मारणार होता. त्या खात्यातून त्यानं साधन चालू केलं. साधन म्हणालं, रजा नही शे, जेनं फोल्डर शे तेले इचारा.

म्हणून त्यानं विचारलं. नकाशाच्या पानावर खाली 'अडचण असेल तर लिहा' अशी जागा होती. स्वतःचं नाव घालायची हिंमत नव्हती. पहिल्या सीटवर रोज बसणारे सारंगखेड्याचे केळीवाले शांतीलालशेठ त्याला आठवले. त्यानं लिहिलं: शांतीलाल, राहणार सारंगखेडा. 'माननीय महोदया, आपला नकाशा बसत नाही, कृपया मार्ग दाखवावा.' शाळेतल्या अर्जासारखं लिहिलं आणि घाम पुसला.

दोन तासांत उत्तर आलं. 'नमस्कार शांतीलालकाका' अशी सुरुवात. तिनं विचारलं होतं की फोल्डर कुठं आहे, काय काय करून बघितलं. ती काका म्हणाली एवढ्यावरच हेमकांत अर्धा तास त्या खुर्चीवर बसून राहिला. मग त्यानं सगळं कळवलं. तिनं सुचवलं की सगळ्यात सोपं म्हणजे खेळ दुसऱ्या जागी नव्यानं टाका, जुनं फोल्डर सोडून द्या. त्यानं लगेच लिहिलं, 'तसे होणार नाही. त्यात जुन्या फेऱ्या आहेत.' तिनं लिहिलं, मग फोल्डरच्या सुरक्षेची खिडकी उघडा, कुणाकुणाला परवानगी आहे त्या यादीचा फोटो पाठवा. यानं मोबाइलनं फोटो काढला आणि पाठवून दिला. यादीत पहिल्या ओळीत 'अनोळखी खातं' आणि पुढं वीतभर लांब आकडा. त्याखाली हेमकांतनं स्वतःच्या हातानं जोडलेलं नाव: रुचिका. फोटो पाठवताना याच्या हे लक्षातच आलं नाही. म्हणे सारंगखेड्याचे शांतीलालशेठ!

या वेळी उत्तराला दीड दिवस लागला. हेमकांत जेवला नाही धड. उत्तर आलं ते असं होतं:

"काका, फोटो मिळाला. मालकाच्या जागी जो लांब आकडा दिसतो, तो काढून टाकलेल्या खात्याचा आहे. यंत्र नावानं ओळखत नाही, आकड्यानं ओळखतं. खातं एकदा पुसलं की तो आकडा गेला. मागून त्याच नावाचं दुसरं खातं बनवलं तरी त्याला नवा आकडा मिळतो, फोल्डर त्याला ओळख देत नाही. ते रुचिका नावाचं नवं खातं काढून टाका, त्याचा उपयोग नाही. मालकी आता तुम्हालाच घ्यावी लागेल."

हेमकांत ते वाचून रडला. आडपडदा कशाला, ढसाढसा रडला. आशा दळण निवडत होती, तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. आणि एवढं होऊनही या शहाण्याला वाटत होतं, पोरीला आपण कोण ते कळलेलं नाही.

पुढं तिनं एकेक पायरी लिहून दिली होती. सुरक्षेच्या खिडकीत 'प्रगत' वर जा, मालकाच्या नावापुढं 'बदला' दाबा, तुमचं खातं लिहा, खाली 'आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू' या चौकोनात खूण करा, मग यादीत स्वतःला पूर्ण हक्क द्या. हेमकांतनं कागदावर उतरवून घेतलं आणि पेनानं एकेक पायरी खोडत गेला. मालकाच्या जागचा तो आकडा गेला आणि तिथं त्याच्या खात्याचं नाव आलं. साधन चालू केलं. 'दम धरा, रस्ता बसाडी ऱ्हायनू.' थोड्या वेळानं: 'रस्ता बसना. आते चाला.' म्हणजे रस्ता बसला, आता चला.

खेळ उघडला. शहादा डेपो, सकाळची वेळ, गाडी फलाटाला लागलेली. त्यानं हात बटणांवर ठेवले आणि तसाच बसला. शेजारी स्टूल रिकामं, घंटी देणार कोण? तास झाला तरी गाडी जागची हलली नाही. मग त्यानं कॉम्प्युटर बंद केला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. अडचण सुटली, काकांनी आभार मानावेत आणि गप्प बसावं. पण दुसऱ्या दिवशी पोरीचं काही आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि हेमकांतला घर खायला उठलं. चौथ्या दिवशी त्यानं काय केलं माहीत आहे? सुरक्षेच्या त्याच खिडकीत जाऊन स्वतःचे सगळे हक्क स्वतःच्या हातानं काढून टाकले आणि लिहिलं, 'महोदया, पुन्हा तीच अडचण उद्भवली आहे.' चालू गाडीच्या चाकातली हवा सोडून मेकॅनिकला हाक मारावी तसला प्रकार. तिनं पुन्हा सगळ्या पायऱ्या लिहून दिल्या, न कंटाळता. पुढच्या आठवड्यात याला पुलाचे कठडे दिसेनात. मग हॉर्न वाजेना. मग एक म्हैस रस्त्यातून उठेना. प्रत्येक खोट्या अडचणीला दिवसाच्या आत खरं उत्तर यायचं. हेमकांत सकाळी दाढी करून कॉम्प्युटरपुढं बसायला लागला. आशा कधी नव्हे ते त्याला चहा तिथं आणून द्यायला लागली आणि काही विचारत नव्हती.

म्हशीच्या उत्तराखाली एक ओळ जास्तीची होती: 'काका, साखर आता कशी आहे?' यानं आनंदानं लिहिलं, बरी आहे, गोळ्या वेळेवर घेतो, जयपूर पायाची सवय झाली. लिहून पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी गालाला साबण लावताना त्याचा हात थांबला. शांतीलालनं साखरेचं नाव कधी काढलं होतं?

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो कॉम्प्युटरपुढं जाऊन बसला आणि लिहिलं, "बेटा, मी आबा. घरी ये."

उत्तर तासाभरात आलं, या वेळी अहिराणीत. "आबा, माले तो फोटो पाह्या तवयपासून माहीत शे," अशी सुरुवात होती. पुढचं मी सगळ्यांना कळेल असं सांगतो. तिनं लिहिलं होतं की तुम्ही शांतीलाल होऊन बोलत होतात तेवढे दिवस मला फार बरं वाटलं, म्हणून मीही काही म्हटलं नाही. मग लिहिलं होतं की घरी येता येणार नाही. नवनीतची आई, गुलाबबाई, जुन्या वळणाच्या. लग्न झालं तेव्हा त्यांनी विचारलं, तुझ्याकडचं कुणीच कसं आलं नाही? जिच्या बापानं ती जिवंत असताना तिच्या नावानं आंघोळ केली, असली सून त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतली नसती. नवनीतला खरं माहीत होतं, तोही गप्प राहिला.

"मी सांगितलं, माझे वडील वारले. तुम्ही मला मारलं होतं, आबा. मग मीही तुम्हाला मारलं. दुसरं काय सांगणार होते?"

खाली आणखी दोन ओळी होत्या. तिला दीड वर्षाची मुलगी आहे, नाव स्वप्नाली. आणि आईशी दर गुरुवारी दुपारी व्हिडिओवर बोलणं होतं, तेव्हा सासूबाईही बसलेल्या असतात.

हेमकांत उठून स्वयंपाकघरात गेला. दर गुरुवारी चारच्या सुमाराला आशा कपाळ पुसते, हे त्यानं किती तरी वेळा बघितलं होतं. विचारलं तर म्हणायची, कुंकवानं खाज येते. आता त्यानं विचारलं नाही, नुसता दारात उभा राहिला. ती परातीतलं पीठ मळत होती. त्याच्या अर्ध्या साबणाच्या तोंडाकडं बघून तिला कळलं. ती म्हणाली, तीन वर्षं होत आली. नवरा मेलेल्या बाईनं कुंकू लावून कसं बोलायचं त्या बाईशी? पोरीचं बोलणं खोटं पडलं असतं. एवढं बोलून ती मळत राहिली. हेमकांत तिथं भिंतीला टेकून खाली बसला, आणि जी शिवी पूर्वी पोरीला दिली होती तीच स्वतःला दिली.

दोन दिवसांनी रुचिकाचं पुन्हा आलं. गुलाबबाईंनी नातीसाठी सारंगखेड्याच्या दत्ताला नवस बोललेला होता. यात्रेला सगळे येणार होते. तिनं लिहिलं होतं की आबांबरोबर नोकरी केलेले एक शांतीलालकाका सारंगखेड्याला राहतात असं मी घरी सांगून ठेवलंय. देवळापाशी भेटता येईल. आई आली तर तिलाही नात हातात घेता येईल.

आशा यायला नाही म्हणाली. हेमकांतनं दोनदा विनवलं. ती म्हणाली, "फोनपुरतं पुसलं ते पुसलं. तुम्ही जिवंत माझ्या शेजारून चालणार आणि मी बिनकुंकवाची यात्रेत हिंडणार, हे माझ्यानं नाही व्हायचं." मग रात्रंदिवस जिची वाट बघितली त्या नातीला ती भेटणार नव्हती, हे ठरलं. तिनं डब्यात तिळाचे लाडू भरून दिले. जाताना हेमकांत म्हणाला, मी आज तिथं सगळं सांगून टाकणार, मी मेलेलो नाही म्हणून. आशा म्हणाली, "सांगाल, मोकळे व्हाल आणि परत याल. राहायचं तिला आहे त्या घरात. खोटारडी सून म्हणून." तो शहाद्यापर्यंत रिक्षात आणि पुढं बसमध्ये हेच वाक्य चघळत बसला.

यात्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. घोडेबाजारात बोली चालली होती, धूळ उडत होती, लाऊडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं पुकारत होते. देवळाच्या बाजूला चहाच्या टपरीपुढं बाकड्यावर ते बसले होते. रुचिका जरा भरली होती. डोळ्याला चष्मा आला होता. तिनं उठून, अनोळखी वडीलधाऱ्याला करतात तसा, वाकून नमस्कार केला. हेमकांतचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला, जरुरीपेक्षा जास्त. नवनीत पटकन मध्ये बोलला, काका, बसा, पाय दुखत असेल. चांगला मुलगा होता. तीन वर्षांपूर्वीही चांगलाच होता.

गुलाबबाई बोलक्या निघाल्या. त्यांनी डब्यातला लाडू खाल्ला, कुणी केला म्हणून विचारलं. हेमकांत म्हणाला, घरून. त्यांनी स्वप्नालीला उचलून त्याच्या मांडीवर दिलं. पोर अजिबात रडली नाही. तिनं त्याच्या मिशीला हात लावला, मग शर्टाचं बटण धरून बसली. रुचिका बापाकडं बघत नव्हती, ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि ते सापडत नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ओ हेमकांतदादा! अहो हेमकांतदादा!" सव्वीस वर्षं या रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस, ओळख निघणारच होती. हेमकांतनं मान वळवली नाही. हाक तीनदा आली. तो नातीच्या पायातला सुटलेला बूट नीट घालत बसला. मग हाक मारणारा गर्दीत पुढं रेटला गेला.

गुलाबबाई म्हणाल्या, "योगायोग बघा. सुनेच्या वडिलांचं नावही हेमकांतच होतं. तुम्ही तर बरोबर नोकरी केली. कसा होता हो तो माणूस?"

रुचिकाचे हात पर्समध्ये तसेच राहिले. हेमकांतच्या जिभेवर आलं होतं. एक शब्द टाकला असता तर तो त्याच बाकड्यावर जिवंत झाला असता. त्याच्या मांडीवर नात होती, समोर पोरगी होती, आणि पोरीच्या शेजारी तिची सासू होती.

"गाडी चांगली चालवायचा," तो म्हणाला. "बाकी हट्टी होता."

"पोरीवर जीव होता का? ही कधी बोलतच नाही."

"होता. फार होता. त्याला बोलून दाखवता यायचं नाही."

"मग शेवटी भेट झाली का बापलेकीची?"

हेमकांतनं पहिल्यांदा नीट मान वर करून रुचिकाकडं बघितलं. ती बघतच होती, चष्म्याआडून, न हलता.

"नाही," तो म्हणाला. "तेवढं राहून गेलं. माणसाला फार वाईट वाटलं असेल जाताना."

गुलाबबाईंनी हळहळून चुकचुक केलं. जिथं असेल तिथं सुखी राहो बिचारा, म्हणाल्या, आणि डोळे मिटून देवळाकडं हात जोडले. आजीनं जोडले म्हणून हेमकांतच्या मांडीवर बसल्या बसल्या स्वप्नालीनंही आपले इवलेसे हात जोडले. नवनीतनं जोडले, रुचिकानं जोडले. मग सगळ्यांनी जोडले म्हणून हेमकांतनंही जोडले.